मोठा बिघाड

सूनबाई दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकली आणि सगळं घर खाली जमलं. मेकॅनिक धावत वर आला. जिन्यात उभं राहून त्यानं दार वीतभर सरकवलं. आत बाई चपला काढून, भिंतीला टेकून, ऐसपैस बसलेली. हातात बिस्किटांचा पुडा.

"घाबरू नका वहिनी, पाच मिनिटांत काढतो."

"पाचच?" तिचा चेहरा पडला.

खालून नवरा ओरडला, "अगं, माझा चार्जर कुठे ठेवलायस?"

"आई, दादा मला चिमटे काढतोय!"

"सूनबाई, माझ्या गोळ्या गं!"

ती हळूच म्हणाली, "भाऊ, लग्नानंतर पहिल्यांदाच अख्खा पुडा एकटी खातेय. अजून अर्धा उरलाय हो."

मेकॅनिकनं तिच्याकडे पाहिलं. मग जिन्यातून वाकून सांगितलं, "मोठा बिघाड आहे! तासभर तरी लागेल!"

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. घरून होता.

"अगं, इथे एक बाई अडकल्यात. त्यांना असं सोडून येऊ का?" असं म्हणून त्यानं फोन बंद केला आणि पायरीवर पाय पसरून तोही निवांत अडकला.