जन्मखूण

माझी बायको शकू जाऊन वर्षही झालं नव्हतं. सोयरिकी जुळवणाऱ्या चतुरामावशीनं डोंगरकडा गावची पोरगी मला दाखवायला स्वतःच्या घरी आणली.

“केस बघ, तातेराव. बोलपटातल्या बाईवानी कुरळे! तुझी शकूबी मीच दाखवली व्हती.”

पोरगी पाया पडायला वाकली. तिच्या कानामागं ताजा, पाणी धरलेला फोड दिसला.

“लेकरा, काहून भाजलं?”

मावशीच बोलली, “भाजलं न्हाई. जन्मखूण हाय ती.”

शकूचे कुरळे केस लग्नानंतर पहिल्यांदा धुतले आणि सरळ झाले. कानामागचा काळा डाग मात्र सरणापर्यंत राहिला. शकूही त्याला जन्मखूणच म्हणायची.

“मावशे, ज्यानं पोरींचे केस वळवतीस तो चिमटा तापव,” मी म्हणालो. “आज तुलाबी जन्मखूण देतो.”