फाटकासमोरची ऑस्टिन

फाटक हातभर उघडलं आणि गाडीच्या दारावर आपटून थांबलं. दामोदरपंतांनी पोट आत घेतलं, श्वास रोखला आणि रोजच्यासारखे आडवे होऊन बाहेर निसटले. माणूस निसटत होता. त्यांच्या पत्नीची, हेमलताबाईंची, चाकांची खुर्ची निसटत नव्हती, आणि सगळं दुःख तेवढंच होतं.

श्रावणात एका दुपारी दामोदरपंत बंगळुरातल्या विमानाच्या कारखान्यातून घरी आले, तर ही काळी ऑस्टिन फाटकाला खेटून उभी. आत कोणी नाही, दारं कुलूपबंद. कुणी पाहुणा असेल, संध्याकाळी जाईल, असं वाटलं. गाडी गेली नाही. गणपती आले, गेले, पितृपक्ष सरला. गाडी जावयासारखी ठाण मांडून बसली.

त्याआधी दर मंगळवारी फाटकाशी जटका, म्हणजे इथला टांगा, यायचा. हेमलताबाईंच्या पायांतलं बळ तापात गेलं होतं, आणि छावणीतले एक डॉक्टर त्या पायांना वीज लावत. दामोदरपंतांचा विजेवर देवापेक्षा जास्त विश्वास. डाव्या पायाचा अंगठा एकदा हलला, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या अंगठ्यावर दामोदरपंतांनी बायकोला मल्लेश्वरमच्या देवळापर्यंत चालवत नेऊन आणलं होतं. मनातल्या मनात.

"वीज लावताना ही हूं की चूं करत नाही," ते समोरच्या विश्वासरावांना अभिमानानं सांगत. "ओठ रक्ताळेपर्यंत चावेल, पण ओरडणार नाही."

आणि आता सगळं खोळंबलं होतं.

ते पोलीस ठाण्यात गेले. दफेदार कानडी ढंगाच्या हिंदीत म्हणाला, "नंबर मुंबईकडचा आहे सार. तिकडे विचारलंय. मालकाशिवाय हात कसा लावायचा? स्वल्प थांबा." ते नगरपालिकेत गेले. तिथे म्हणाले, रस्त्यावरची गाडी म्हणजे पोलिसांचं काम. तिकडून इकडे, इकडून तिकडे. दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात. इथे दैव आणि कर्म दोन्ही रजेवर होती.

एका रविवारी त्यांनी गल्लीतले चार जण गाडी ढकलायला जमवले. हेमलताबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"अहो, परक्याची वस्तू. काही मोडलं-बिडलं तर? नाहीतर बालंट यायचं अंगावर."

चौघांना तेवढंच निमित्त हवं होतं. ते कॉफी पिऊन गेले.

"मग मी तुला पाठीवर घेतो आणि भिंतीवरून पलीकडे उतरवतो," दामोदरपंत म्हणाले.

"सगळ्या गल्लीदेखत? मेल्याहून मेल्यासारखं होईल मला."

भांडी घासायला येणारी यल्लव्वाही फाटकातून अंग चोरत आत येई आणि म्हणे, "कुणाचं गाडी, काय की अण्णा. देवालाच ठाऊक."

दामोदरपंतांच्या जिवाला सर्वांत जास्त लागत होतं ते बायकोचं हसणं. अलीकडे ती जेवणात मीठ कमी पडलं तर बोलून दाखवी, भाजी निवडताना गुणगुणे, मंगळवारी सकाळी पुन्हा भात मागून घेई. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बिचारी किती सोंग करते, या विचारानं त्यांना एकदा न्हाणीघरात रडू कोसळलं. सर्किटं जोडणारा माणूस, एक गाडी हलवू शकत नाही.

खंडेनवमी जवळ आली तशी त्यांना युक्ती सुचली. बंगळुरात आयुधपूजेला मोडक्या सायकलीलाही झेंडू लागतो. इथला माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण स्वतःच्या गाडीला त्या दिवशी कुंकवाशिवाय ठेवणार नाही. नंबर मुंबईचा असला तरी गाडी इथे ठेवणारा इथलाच असणार; तो येणार. यायलाच हवा.

नवमीला ते टोपी घालून निघाले.

"कारखान्यात यंत्रांची पूजा आहे," ते म्हणाले. "यायला संध्याकाळ होईल."

"सावकाश या," हेमलताबाई म्हणाल्या.

ते गल्लीच्या टोकाला वळले आणि मागून फिरून समोरच्या विश्वासरावांच्या ओसरीवर, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड येऊन बसले. दुपार झाली. गल्लीतल्या सगळ्या सायकली नटल्या, एक बैलगाडीसुद्धा नटली. ऑस्टिन विधवेसारखी उभी होती. विश्वासराव आत घोरत होते. दामोदरपंतांची आशा विझत चालली.

उन्हं कलली तेव्हा एक खाकी कपड्यांतला माणूस आला. हाताला काळं ग्रीस, काखेत कोहळा. त्यानं गाडी पुसली, नंबराच्या पाटीला हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडला. हात जोडून डोळे मिटले.

दामोदरपंत ओसरीवरून उतरले. गाडीच्या मागून वाकून ते त्याच्या पाठीशी पोचले, मानगूट धरायला हात उचलला, आणि गाडीच्या काचेत त्या माणसाचं तोंड दिसलं. यल्लव्वाचा भाऊ होता तो, शिवाजीनगरच्या गॅरेजमधला कल्लाप्पा.

कल्लाप्पानं मागे पाहिलंच नाही. तो फाटकातून आत सरकला आणि खिडकीच्या गजांतून प्रसादाची पुडी पुढे केली.

"घ्या अक्का. गॅरेजात आता जागा झालीय. उद्या दसऱ्याला गाडी नेऊ का? सरी ना?"

गजांतून हात आला आणि पुडी आत गेली.

"इतक्यात नको रे, कल्लाप्पा," हेमलताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "वाट मोकळी झाली की हे मला परत त्या विजेखाली नेऊन झोपवतील."