दोन इंच ढगळ

स्कर्ट कमरेवर थांबलाच नाही. फिझाने हात सोडला तसा तो घसरत खाली आला आणि तिने तो कसाबसा मुठीत धरला. वरचं झालरीचं बिनबाह्यांचं जॅकेट दोन्ही खांद्यांवरून ओघळत होतं. काउगर्लची टोपी तेवढी डोक्यावर नीट बसली होती, कारण ती विकतची होती.

ऑफिसातली मैत्रीण विनिता तिला न्यायला आली होती. ती पलंगावर हसून हसून लोळत होती. "अगं फिझा, यात तुझ्याबरोबर घोडापण मावेल!"

सायरा मशीनपाशी उभी होती. ती हसली नाही. दुबईत, करामा भागातल्या एका लेडीज टेलरिंगच्या दुकानात तिला वीस वर्षं झाली होती. बाई दारातून आत येते न येते तोच सायरा तिचं माप सांगते, असा तिचा लौकिक होता. आणि पोटच्या पोरीचा स्कर्ट दोन इंच ढगळ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आज गुरुवार. सात वाजता विनिताच्या फ्लॅटवर पार्टी होती. सगळ्या बायकाच, पुरुषाला प्रवेश नाही. फिझाची लग्नाआधीची मजा म्हणून मैत्रिणींनी ठरवली होती, आणि सगळ्यांनी वेस्टर्न सिनेमातल्यासारखं नटून यायचं होतं. बाकीच्या पोरींनी मॉल पालथे घातले. फिझा मात्र म्हणाली, "मी विकत नाही घेणार. माझं अम्मी शिवेल." असं ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाली होती. ते ऐकून सायराला आभाळ ठेंगणं झालं. तीन आठवड्यांनी निकाह, मग पोरगी नवऱ्याबरोबर, उझैरबरोबर, दूर अबुधाबीपलीकडे रुवैसला जाणार. त्याआधी आपल्या हातचा एक तरी कपडा तिच्या अंगावर चपखल बसावा, एवढीच तिची इच्छा होती. चार दिवस दुपारच्या सुट्टीत, दुकान बंद असताना, घरी येऊन मासिकातलं चित्र समोर ठेवून ती शिवत बसली. एवढ्या झालरी घालून या बाया घोड्यावर चढतात तरी कशा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फिझाने "माप घे ना" म्हटलं तेव्हा तिने ते उडवून लावलं होतं. पोटच्या पोरीचं माप काय घ्यायचं!

"दोन सेफ्टी पिना लावू, कोणाला कळणारपण नाही," विनिता पर्स उघडत म्हणाली. "यल्ला, चल लवकर, ट्रॅफिक लागेल."

तिने कमरेला मागून पिना टोचल्या. फिझा आरशात बघत होती. तिला आता हसू येत नव्हतं.

ती तीन वर्षांची असताना तिचे अब्बा गेले. सायरा शिलाईच्या कामावर दुबईला आली आणि फिझा दापोलीजवळच्या गावात नानीकडे वाढली. दर ईदला दुबईहून कपडे यायचे. सुंदर कपडे, गावात कोणाकडे नसायचे असे. आणि दरवर्षी ढगळ. बाह्या बोटांपर्यंत, घेर पायात. मामेभावंडं चिडवायची, "फिझाची ईद पुढच्या वर्षी!" ती हसून दाखवायची. पण मनात एक गोष्ट घट्ट बसली होती, की आपल्या अम्मीला आपण केवढ्या आहोत हेच ठाऊक नाही. आठ महिन्यांपूर्वी नोकरी लागून ती इथे आली, आईच्या खोलीत राहू लागली, तरी ती गोष्ट काही निघाली नव्हती.

"अम्मी," ती आरशातच बघत म्हणाली, "आठ महिने रोज समोर आहे मी तुझ्या. तरी चुकलीस."

विनिताने पर्सची चेन लावायचं थांबवलं.

"मापात नाही चुकले गं," सायरा म्हणाली. "बरोबरच खूण केली होती. मग कात्री लावताना हात आपोआप दोन इंच बाहेर गेला. सवयच आहे त्याला."

"कसली सवय?"

"कपडा शिवून व्हायचा, मग गावी जाणारं कोणी मिळेपर्यंत इथेच पडून राहायचा. तीन महिने, कधी पाच. तोवर तू वाढलेली असायचीस. पहिल्या वर्षी मी अगदी मापाचा फ्रॉक पाठवला होता. तो पोचला तेव्हा तुझ्या गळ्यातून उतरेना. नानीने पत्रात लिहिलं, पोरगी तो उशाशी घेऊन झोपते." सायराने डोळ्यांना ओढणी लावली. "त्यानंतर कधी बेताचा कापलाच नाही मी. ढगळ कपडा आज ना उद्या बसतो. आखूड झालेला कधीच बसत नाही."

फिझाला त्या फ्रॉकची काहीच आठवण नव्हती. ती अंगावरच्या स्कर्टकडे बघत राहिली. हा स्कर्ट तर मशीनवरून पलंगापर्यंतच आला होता. चार पावलं. मध्ये समुद्र नव्हता, कोणाची बॅग नव्हती, तरी अम्मीच्या हाताने तिला वाढायला दोन इंच जागा ठेवली होती.

तिला रडू फुटलं. काजळ गालावर आलं. विनिताने घड्याळाकडे बघितलं. तिने मोबाइल काढला आणि मैत्रिणींना कळवलं की उशीर होईल, केक कापू नका.

फिझाने मागे हात नेऊन एकेक पिन काढली आणि पलंगावर ठेवली. मग ती आईसमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरले.

"माप घे, अम्मी. आज मी इथे आहे."