कोरडा फोटो

“हा बंधारा फोडा,” पाणलोट खात्याचे साहेब म्हणाले. “फोटोत पऱ्या कोरडा दिसला, तरच नव्या योजनेतून पक्क्या बंधाऱ्याला निधी मिळेल.” दरवर्षी भातकापणी उरकली, की आम्ही वाडीतल्या बायका खताच्या रिकाम्या गोणी मातीने भरतो, रचतो आणि पऱ्याचं वाहतं पाणी अडवतो. त्याच पाण्यावर पुढे उन्हाळाभर गुरं जगतात. खात्याच्या दोन योजना येऊन गेल्या, वाडीला त्यातून घोटभर पाणी मिळालं नाही. साहेबांबरोबरच्या मजुराने वरच्या गोणीला पहार लावली, तशी आमच्यातली सुगंधाकाकी तरातरा पाण्यात उतरली आणि त्या गोणीवरच फतकल मारून बसली. “खबरदार हात लावाल तर! कोरडा फोटो पायजे ना? मग मागच्या योजनेतल्या तुमच्या सिमेंटच्या बंधाऱ्यावर जा. गाडी पोचते म्हणून तो पऱ्यात नाय, वर कातळाच्या सड्यावर रस्त्याकडेला बांधलात. पाणी अजून तिकडं फिरकलेलं नाय!”