एक जूनचा जन्म

चारुदत्तभाऊंनी प्लॅस्टिकच्या फायलीतून दाखला काढून सुमेधा मॅडमच्या हातात दिला, आणि चार हात लांब उभ्या असलेल्या नीळकंठ गुरुजींनी तिथूनच अक्षर ओळखलं. मोत्यासारखं. सगळ्या आर्णी तालुक्यात असं अक्षर एकाच माणसाचं होतं, आणि त्या माणसाला त्याचा गर्वही फार.

"कुमारी दीपमाला. जन्म एक जून," मॅडमनी वाचलं आणि मनातल्या मनात वजाबाकी केली. "चौदा पूर्ण."

"एक जूनलेच कामावर घेतली, मॅडम. एकतीस मेले तिची माय येऊन बसली होती. मी म्हटलं, बाई, उद्या ये. आपण कायद्यानं चालणारा माणूस." चारुदत्तभाऊंनी आपल्या रोपवाटिकेवर कौतुकानं नजर फिरवली. हिरव्या जाळीखाली चार मुली काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. "चौघींचेही दाखले हायत. पाहून घ्या."

"चौघींची जन्मतारीख एकच?"

"खेड्यातले लेकरं, मॅडम."

गुरुजी खोकले. मग उगाच रुमाल काढून कपाळ पुसलं.

मॅडम कामगार खात्याच्या. यवतमाळहून त्या खात्याच्या जीपनं सकाळीच निघाल्या होत्या, कारण तक्रार लेखी होती आणि तिच्याखाली चक्क सही होती, नीळकंठ गुरुजींची. परवा शाळेच्या वृक्षारोपणासाठी कडुनिंबाची रोपं न्यायला ते इथे आले, पोरी दिसल्या, जीव कळवळला, आणि रोपं तशीच टाकून त्यांनी घरी जाऊन तक्रार लिहिली. गुरुजींचा जीव कळवळला की ते लगेच लिहायला बसत. आठ वर्षांपूर्वीही असाच कळवळला होता. तेव्हा पट सोळावर आला होता आणि विसाच्या आतल्या शाळा बंद होणार अशी हवा होती. गुरुजींनी अंगणवाडीतून चार पोरी उचलून पहिलीत बसवल्या, आणि रजिस्टरात चौघींना एका बैठकीत सहा वर्षांचं केलं.

"मुलगी चौदाची वाटत नाही," मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "पण शाळेचा दाखला समोर असताना मला पुढे जाता येत नाही. दाखला तुमच्याच शाळेचा आहे, गुरुजी. तुम्ही काय म्हणता?"

गुरुजींनी फाटकाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा फाटकाकडे.

"बरं, मी तिलाच विचारते. बेटा, वय किती तुझं?"

जाळीखालून उठून आलेल्या दीपमालानं मातीचे हात पाठीमागे नेले. "खरं सांगू का दाखल्यावरलं?"

चारुदत्तभाऊ मोठ्यानं हसले. एकटेच.

"खरं सांग."

"बारा." तिनं गुरुजींकडे बोट केलं. रागानं नव्हे, ओळखीचा माणूस दाखवावा तसं. "वरचे दोन गुर्जीनं देल्ले."

"लहान लेकरू हाय, मॅडम! त्याच्या बोलण्यावर कायले जाता?"

"किती लहान?" मॅडमनी विचारलं.

चारुदत्तभाऊंनी जीभ चावली. मग गुरुजींच्या दंडाला धरून त्यांना पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"गुर्जी, नोव्हेंबरात रिटायर होऊन राह्यले न तुमी? मंग काहून अंगावर घेता? खोटी नोंद कोणाच्या हातची हाय, माह्या का तुमच्या?"

गुरुजी हिशेबाला पक्के होते. एक चुकीची नोंद म्हणजे नजरचूक. नजरचुकीला ठपका येतो, जास्तीत जास्त नोटीस येते, आणि नोटिशीला उत्तर देईपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. पण चार? एकाच दिवशी चार नजरचुका कोणालाच होत नाहीत. तेव्हा एक कबूल करायची, एक पोरगी सोडवायची, आणि जाळीच्या बाजूला बघायचंच नाही.

ते टाकीमागून बाहेर आले. "द्या मॅडम, कागद द्या. मीच लिहून देतो."

उभ्याउभ्याच लिहिलं. कुमारी दीपमाला हिचे वय माझ्याकडून नजरचुकीने दोन वर्षांनी जास्त नोंदले गेले आहे. खाली सही, तारीख. पेनला टोपण लागलं.

"जा बेटा, हात धू," मॅडम म्हणाल्या. "तू आमच्याबरोबर यायचं."

दीपमाला नळाकडे पळाली. गुरुजी फाटकाकडे निघाले, वयाच्या मानानं जरा भरभरच. जाळीखाली माती भरणारे हात थांबलेले त्यांना न बघताही कळले.

"ओ गुर्जी!"

चौघींतली सगळ्यात ठेंगणी, साधना. फ्रॉकला हात पुसत ती धावत आली आणि वाट अडवून उभी राहिली. "माहंबी लिवून द्या न."

तिच्यामागून उरलेल्या दोघीही उठल्या होत्या.

"गुर्जी, जीप निघून राह्यली," टाकीपाशी उभे असलेले चारुदत्तभाऊ म्हणाले. जीप जागची हलली नव्हती. तिचा ड्रायव्हर झाडाखाली झोपला होता.

मॅडमनी एक कोरा कागद काढला आणि फायलीवर ठेवून पुढे धरला.

गुरुजींनी पेनचं टोपण काढलं. कुमारी साधना हिचे वय माझ्याकडून नजरचुकीने, इथपर्यंत लिहिलं. थांबले. 'नजरचुकीने' खोडलं. गुरुजींच्या कागदावर खाडाखोड कोणी पाहिली नव्हती. पुढे लिहिलं, जाणूनबुजून दोन वर्षांनी...

साधना चवड्यांवर उभी राहून ओळ वाचत होती. तिनं मातीचं बोट कागदावर टेकवलं.

"दोन नाई, गुर्जी. माहे तीन वाढवले होते तुमी."