बजरंगचा शेवटचा प्रश्न

औसा रोडवर ट्रकनं बजरंगला उडवलं, आणि लातूरच्या ऑफिसातला त्याचा सगळा कोड शिल्पाकडे आला.

दुपारी तिनं तो मदतीची पानं बनवणाऱ्या टूलला जोडला. कोड वाचून टूल आपोआप प्रश्नोत्तरं मांडू लागलं. बाजारातल्या आडतीची पावती कशी काढायची, नोंद कशी दुरुस्त करायची.

शेवटच्या प्रश्नाखाली उत्तरच नव्हतं.

‘ताई, गाडी बंद पडलीय. न्यायला येता का?’

हे त्यानं अपघाताच्या दिवशी औसा रोडवरून फोनवर विचारलं होतं, फक्त तिला. “थांब तिथंच, येते,” म्हणाली होती ती. मग कामाच्या नादात विसरूनच गेली.

तिनं सगळा कोड धुंडाळला. ते वाक्य कुठंच नव्हतं. तिनं जोडणी तोडली, पान पुन्हा उघडलं.

आता खाली उत्तर होतं.

‘थांबून राहिलो, ताई.’