सीलबंद

"शोरूमवाले लुटारू, आणि तुम्ही गल्लीतले मिस्त्री भेसळीचे बादशहा!" स्पोर्ट्स कारवाल्या साहेबांनी बाजारातून अर्ध्या किमतीत आणलेला इंजिन ऑइलचा सीलबंद डबा मिस्त्रीच्या पुढ्यात आदळला. "हेच ओतायचं. माझ्यासमोर."

मिस्त्रीने सवयीने डबा उलटा केला. रिकाम्या डब्यात कुणी बनावट ऑइल भरून विकू नये, म्हणून तो प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळ्याने तीन भोकं पाडूनच भंगारात द्यायचा. या डब्याच्या बुडालाही तीन भोकं होती, लांबी भरून बुजवलेली.

"साहेब, हे ऑइल..."

"तोंड नको, हात चालव!"

मिस्त्रीने सील तोडून हात चालवला. शेवटचा थेंब इंजिनात उतरेपर्यंत साहेब डोळ्यांत तेल घालून बघत होते.